विनताचा दुसरा निरोप

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय शरयूताई, व्यासपीठावर बसलेले आमचे श्यामसुंदर सर, प्रज्ञा वाचनालयाच्या सचिव कुंदाताई, आजची सत्कारमूर्ती आणि आपणां सर्वांची विनता गजभिये, समोर बसलेल्या भीमाबाई आणि त्यांच्या रोज सकाळच्या साऱ्या मैत्रिणी, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेले बंधू, आणि मराठी समजते पण बोलायला लाजतात असे मागच्या रांगेतले आमचे तरुण दोस्त, आपणां सर्वांना या दयारामचा जय भीम आणि नमस्कार.

मी बसूनच बोलतो. गुडघे आता भाषणाला उभे राहत नाहीत. अध्यक्षांनी परवानगी दिली असं धरून चालतो.

मंडळी, खरं सांगू का? निरोपाच्या भाषणाला बोलावलं की हल्ली मी घरून निघतानाच थकतो. या हॉलमध्ये आपण बारसं शेवटचं कधी केलं, आठवतं कोणाला? निरोप मात्र आठवायलाच नको. पुण्याला गेला त्याला निरोप, बेंगळुरूला गेली तिला निरोप, मुलाकडे कायमचे राहायला निघालेल्या म्हाताऱ्या आईबापांना निरोप. हारवाला आता कार्यक्रम काय म्हणून विचारतही नाही. "काकाजी, बिदाईवाला ही बना दूँ?" म्हणतो आणि ओवायला घेतो. पण एकाच माणसाला दोनदा निरोप द्यायची पाळी आपल्यावर पहिल्यांदाच आली. दिवाळीनंतर याच हॉलमध्ये विनताला आपण शाल आणि नारळ दिला होता. ती गेलीच नाही. शाल आपण परत मागितली नाही, म्हणून आज नुसता नारळ आहे. हसू नका कुंदाताई, हा ठराव तुमचाच होता.

ती काहून गेली नाही, हे आज बोलावंच लागेल, कारण बाहेर नाही नाही ते बोललं जातं. कोणी म्हणतं, हैदराबादची नोकरी होतीच कुठे? कोणी म्हणतं, आई सोडत नव्हती. अहो, तिच्या आईनं तर बॅग भरून दारात ठेवली होती. पोरीचा पाय अडकला तो इथे, या वाचनालयाच्या कॉम्प्युटरच्या खोलीत.

नवीन मंडळींसाठी थोडं मागून सांगतो. आपल्या खोलीतले कॉम्प्युटर एका बंद झालेल्या ऑफिसातून आलेले. म्हातारी माणसं जशी जिना चढताना प्रत्येक पायरीवर थांबतात, तशी ती यंत्रं. मी कारखान्यात वायरमन होतो. मॅट्रिकनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. कॉम्प्युटर शिकलो तो मासिकाबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवरून, आणि बिघडवून बिघडवून. त्या सीड्यांवर लिनक्स यायचं. विनता तेव्हा कॉलेजात होती. माझ्या शेजारी बसून पाहायची. पाहता पाहता कधी मी तिच्या शेजारी बसून पाहायला लागलो, ते मलाही कळलं नाही.

त्या लिनक्सच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कॅन्टोनमेंटवाल्यांनी मान वर करायचं कारण नाही, हा फौजेतला नव्हे. यंत्राचा प्रत्येक अवयव याच्याच तंत्रानं चालतो. हा गाभा आपल्या हातानं बेतून, बांधून घेता येतो. तो बांधण्याआधी तुम्हाला प्रश्न विचारतो, आणि प्रश्न तरी किती! अमुक यंत्र चालवायचं आहे का? तमुक चालवायचं आहे का? प्रत्येकाला उत्तर द्यायचं तीनपैकी एक. नको, म्हणजे नको. तारा, म्हणजे चांदणीची खूण लावली, तर ते कायमचं पोटात घेतलं, मशीन जागं होतं तेव्हाच ते जागं. आणि एम लिहिला, म्हणजे बाजूला ठेवलं, काम पडलं की हाक मारायची. लग्नघरात नाही का, काही माणसं आठ दिवस आधीपासून घरातच असतात, आणि काहींना अक्षतांच्या दिवशी बोलावतात, तसं.

आपली यंत्रं म्हातारी, म्हणून विनतानं आणि मी बऱ्याचशा प्रश्नांना नको लिहिलं होतं. अंगावरचं ओझं उतरवलं की म्हातारं माणूस चालतं. त्यात ब्लूटूथलाही नको. बिनतारी, हातभर अंतरावरून बोलणारी वस्तू आपल्याकडे होतीच कोणाची?

आता सरांविषयी. सर, तुमच्यासमोर तुमच्याविषयी बोलतो आहे, रागावू नका. सरांचं घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलं ते इकडचंच झालं. आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. दुसरा कोणी खाटेवर पडून राहिला असता. सर त्या वयात ब्रेल शिकले. एका संस्थेनं त्यांना ते यंत्र दिलं, तुम्ही पाहिलंच आहे, पाटीएवढं, वर बारीक टाचण्यांची एक ओळ. कॉम्प्युटरवर जो मजकूर असेल त्याप्रमाणे त्या टाचण्या वर-खाली होतात, आणि सर बोटांनी वाचतात.

आणि वाचतात ते एकट्यासाठी नाही. रोज सकाळी भीमाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी नागपूरकडचं मराठी वर्तमानपत्र ऐकायला येतात. त्यांना वाचता येत नाही. घरातल्या नातवंडांना हिंदी-इंग्रजी फाडफाड येतं, मराठी हाती दिलं की चालती सायकल वाळूत गेल्यासारखी गत होते. तेव्हा हिंदी मुलखातल्या आपल्या या अधारताल वस्तीत मराठी पेपर खणखणीत वाचणारा माणूस कोण, तर ज्याला दिसत नाही तो. सर बातमी वाचतात, भीमाबाई तिच्यावर आपला निकाल देतात, मग पुढची बातमी.

तर दिवाळीच्या सुमारास ते यंत्र टेबलावरून पडलं. आतली माणसं वाचली, दारच मोडलं, म्हणजे तार लावायची खाच तुटली. दुरुस्तीवाला म्हणाला, ही खाच आता कुठे मिळत नाही. पण यंत्रात ब्लूटूथ होतं. तार नसली तरी ते कॉम्प्युटरशी बोलू शकत होतं. फक्त आपला कॉम्प्युटर बहिरा होता, कारण आपणच त्याला नको लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात विनताचा पहिला निरोप. शाल झाली, नारळ झाला, पत्रिकेप्रमाणे सत्कारमूर्ती मनोगताला उठली. दोन वाक्यं बोलली, समोर सरांना पाहिलं, त्यांची रिकामी बोटं मांडीवर हलून राहिली होती, आणि माईकवरच म्हणाली, "सरांचं वाचन सुरू करून देते, मग जाते." टाळ्या काय वाजवल्या आपण! तिची आई तेवढी वाजवत नव्हती. हैदराबादवाल्यांना तिनं पुढची तारीख मागितली. भली माणसं, त्यांनी दिली.

चलो, काम सुरू झालं. कमानिया गेटजवळच्या दुकानातून खडूच्या तुकड्याएवढी ब्लूटूथची डब्बी आणली. ती कॉम्प्युटरच्या मागे लावायची, की त्याला कान फुटले. विनता कर्नलचे प्रश्न पुन्हा उघडून बसली. ब्लूटूथ हवं? हवं. तार नसताना तार असल्याचं सोंग आणणारा एक भाग असतो, सरांच्या यंत्राला तोच लागतो. तो हवा? हवा. आणि त्या डब्बीला चालवणारा भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो कसा हवा, पोटात की बाजूला? विनता एम लिहिणार होती. पण भीमाबाई मागेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय करून राहिली वं?"

विनता म्हणाली, "आजी, सरांचं यंत्र कायमचं आत घेऊ, की बाहेर ठेवून लागेल तेव्हा बोलावू, ते ठरवते आहे."

"बाहेर?" भीमाबाईंचा आवाज असा चढला की खालचा किराणावाला वर पाहायला लागला. "काहून बाहेर? सर का बाहेर बसतीन? आत घे त्यायले."

मंडळी, इथे जरा थांबतो. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या कोणाच्या खोलीत हा प्रश्न कोणी असा ऐकला नसता. पण बाहेर बसणं म्हणजे काय, हे भीमाबाईंच्या सासऱ्यापर्यंतच्या पिढ्यांनी पाहिलेलं आहे. हे वाचनालय निघालं तेव्हाच पहिला रिवाज पडला, की येईल त्याला आतच बसवायचं. कोणाला चपला ठेवायच्या जागेवर उभं ठेवायचं नाही, मग तो पोस्टमन असो की पाणीवाला. विनता त्या रिवाजात वाढलेली पोर. तिनं एकदा भीमाबाईंकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि एम पुसून तारा लावली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

कर्नल बांधायला घेतला. सकाळची वंदना झाल्यावर सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. तेवढ्या वेळात खोलीत भाकऱ्या भाजता येतील इतका तो डबा तापला. मशीन चालू केलं, आणि काही नाही. सरांच्या टाचण्या निपचित. विनतानं डब्बी काढली, पुसली, पुन्हा लावली. लगेच टाचण्या उठल्या! सर वाचायला लागले. सगळे म्हणाले, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं, पुन्हा निपचित. डब्बी काढून लावली, पुन्हा सुरू.

आता यावर अधारतालातल्या प्रत्येक जाणत्यानं मत दिलं. डब्बी ढिली आहे. धूळ बसली आहे. वीज कमी येते. दुसरी डब्बी आणली, तिचंही तेच. सर स्वतः करू शकत नव्हते, कारण मशीनच्या मागे तारांचं जाळं, चुकून दुसरीच तार निघायची. भीमाबाई म्हणाल्या, "त्यात काय येवढं? मी करतो." केलं, आणि डब्बीचं डोकं त्यांच्या हातात आलं, धड आतच राहिलं. त्यानंतर तिथे हात लावायची परवानगी एकट्या विनताला.

म्हणजे पाहा काय झालं. हैदराबादला निघालेली पोर रोज सकाळी एक डब्बी काढून पुन्हा लावायला इथे यायला लागली. पाऊस असो, ताप असो. तिनं एक दिवस चुकवला की सरांची बोटं रिकामी आणि बाया तोंडं पाहत बसलेल्या. मी तिला कितीदा म्हटलं, बाई, याचं मूळ शोध. ती म्हणायची, "शोधते काका, पण सकाळी वाचन, दुपारी पोरांचे क्लास, मग कोणाची प्रिंट, कोणाचा मोबाइल." आणि ते खरं होतं. तिचा चेहरा त्या दिवसांत कसा झाला होता, ते आठवून पाहा. वाळत घातलेल्या कपड्यासारखा. हैदराबादची दुसरी तारीख जवळ येऊन राहिली होती, आणि आपण तिला विचारत होतो, "दीदी, रंगीत प्रिंट निघते का?"

शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनी खोलीला आतून कडी लावली. मशीन जागं होताना आपल्याशी जे पुटपुटतं, ते विनता ओळीओळीनं वाचायला बसली. माझे डोळे आता तेवढे बारीक वाचत नाहीत. मी चहा करत होतो. वाचता वाचता ती एकदम हसली. किती महिन्यांनी हसली असेल!

"काका, बिचारा जेवायला मागतो आहे, आणि कोठीघर अजून उघडलंच नाही."

झालं होतं असं. त्या डब्बीला चालण्यासाठी तिची एक छोटीशी शिदोरी लागते. ती शिदोरी ठेवलेली असते डिस्कवर, आपल्या कोठीघरात. आपण ड्रायव्हर पोटात घेतला, त्यामुळे मशीनचा डोळा उघडताच तो जागा व्हायचा आणि डब्बीसाठी शिदोरी मागायचा. त्या वेळी डिस्कचं दारच उघडलेलं नसायचं. शिदोरी नाही म्हटल्यावर गडी रुसून बसायचा, पुन्हा म्हणून मागायचा नाही. नंतर दार उघडलं तरी याचा रुसवा कायम. डब्बी काढून लावली की त्याला वाटायचं, नवीन पाहुणा आला, म्हणून तो पुन्हा मागायचा, आणि तोवर कोठीघर उघडलेलं असायचं. ढिलं काही नव्हतंच. आपण फार मानानं आत घेतलं होतं, म्हणून उपाशी राहिला.

विनतानं तारा पुसून एम लिहिला. कर्नल पुन्हा बांधला. सोमवारी सकाळी मशीन लावलं, आणि कोणाचा हात न लागता टाचण्या उठल्या. पण भीमाबाईंच्या नजरेतून काही सुटतं का?

"म्हणजे आखीर बाहेरच बसवलं नं तू त्यायले?"

विनता म्हणाली, "बाहेर नाही, आजी. आधी कोठी उघडली, पान वाढलं, मग हाक मारली. अगोदर आपण नुसतंच रिकाम्या पानावर बसवून ठेवत होतो."

भीमाबाईंनी थोडा विचार केला. "मंग असं सांग नं! रिकाम्या पानावर बसवणं हा बी अपमानच असते." आणि सरांकडे वळून, "चला गुरुजी, संत्र्याचा भाव वाचा पहिले."

गोष्ट इथे संपायला हवी होती ना? यंत्र दुरुस्त, वाचन सुरू, पोर मोकळी. नाही संपली. आपल्याला सवय लागली होती. मशीन चालत होतं, पण आपल्यापैकी कोणी एकट्यानं त्याचं बटण दाबायला तयार नव्हतं. "विनता येऊ दे" म्हणायचं आणि बसून राहायचं. दुसरी तारीख आली आणि गेली. हैदराबादवाल्यांनी या वेळी सरळ सांगितलं, सोमवारी सकाळी हजर व्हा, नाहीतर आम्ही दुसरं माणूस पाहतो. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही. तिच्या आईनं सरांना सांगितली.

आणि मग सरांनी जे केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे. सकाळी बाया जमल्या, मशीन सुरू झालं, सरांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आजपासून वाचन बंद."

भीमाबाई म्हणाल्या, "काहून? मशीन बिघडली का?"

"मशीन ठीक आहे. मी बिघडलो आहे. विनता हैदराबादला पोचली असं कळलं की दुरुस्त होईन."

"आन् नाही गेली तं?"

"तर तुम्ही आणि मी, सगळे शिळ्या बातम्यांवर दिवस काढू."

बाया चिडल्या. सरांना हट्टी म्हणाल्या, म्हातारचळ लागला म्हणाल्या. मला मध्यस्थीला बोलावलं. मी म्हटलं, बापा, मी थकलो, मला यात पाडू नका. चार सकाळी त्या आल्या आणि नुसत्या बसून गेल्या. पाचव्या दिवशी भीमाबाई काठी टेकत विनताच्या घरी गेल्या. "पोरी, तू जाय बाप्पा आता. तुह्यापायी मले दुनियेची खबर नाही भेटून राहिली." विनता रडली. मग दोघी मिळून बॅग भरायला बसल्या. म्हणून आजचा हा दुसरा समारंभ.

सर शेजारून खुणावत आहेत, आवरा. आवरतो, सर.

विनता, बाई, तुझं कौतुक करायला मी शब्द आणले होते, पण आता वाटतं, कौतुकानंच तुझा फार घात केला. जितकं जास्त कौतुक, तितका तुझा पाय जड. म्हणून कौतुक नको. व्यवहाराचं सांगतो. काल दुपारी मी खोलीच्या दारावरचा तुझा फोन नंबर पुसला. "अडचण आल्यास विनतादीदी" असं तेलरंगात लिहिलेलं होतं. पॉलिश पेपरनं घासताना हात भरून आले. त्या जागी कुंदाताईंचा नंबर लिहायला घेतला, तर म्हणतात, "दयारामभाऊ, माझा खडूनंच लिहा." खडूनं लिहिला आहे. कुंदाताई आता मशीन लावायला आणि कर्नलला हात न लावायला शिकल्या आहेत, आणि या दोनातलं दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

तू पोचल्याचं कळल्यावर सकाळी मशीन सुरू झालं तर वाचन होईल. नाही झालं तर आम्ही खटपट करू. तरी नाही झालं, तर बाया बसतील, सर बसतील, मी चहा करीन, आणि एकमेकांना काय आठवेल ते सांगू. वाईट वाटेल. वाटू दे. पण इथून हैदराबादला त्यासाठी फोन जाणार नाही. मंडळी, हे मी तुमच्या सगळ्यांच्या वतीनं बोलतो आहे, ज्याला मान्य नसेल त्यानं आत्ता हात वर करावा. भीमाबाई, तुमचा हात पदर सावरायला वर गेला असं मी धरतो.

अध्यक्ष शरयूताईंनी वेळात वेळ काढला, सर आपला संप बाजूला ठेवून व्यासपीठावर आले, खालच्या किराणावाल्यांनी खुर्च्या दिल्या, विनताच्या आईनं एवढी वर्षं आपल्याला लेक उसनी दिली, आणि तुम्ही सर्वांनी माझ्यासारख्या कमी शिकलेल्या माणसाचं लांबण लावलेलं बोलणं गोड मानून घेतलं, या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. हिंदी-मराठीची खिचडी झाली असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर ते माझ्या वयावर सोडून द्या.

आणखी एका गोष्टीसाठी क्षमा मागायची आहे, ती आधीच मागतो. कार्यक्रम पत्रिकेत यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत छापलं आहे. ते मी कोणाला न विचारता रद्द करतो आहे. तिला माईक दिला तर ती सरांच्या बोटांकडे पाहील, आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवू. नागपूरची गाडी खाली उभी आहे, तिची बॅग आत गेली आहे, आणि ड्रायव्हर तिलवाऱ्याच्या पुलावर गर्दी व्हायच्या आत निघू म्हणतो आहे. तेव्हा अध्यक्षांनी, तुम्ही सर्वांनी, आणि विनता, तूही, या म्हाताऱ्याचा हा एवढा आगाऊपणा पदरात घ्यावा.